सबनीस आणि दुधाची निळी परीक्षा

आमच्या सबनिसांचा दुधावर अजिबात विश्वास नव्हता. माणसांवर होता, पण तोही त्यांच्या घरचं दूध तपासून झाल्यावर.

कासारवाडीजवळच्या एका लहानशा औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही शेजारी बसायचो. जंतू रंगवायला तिथे मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग असे. सबनिसांची नखंसुद्धा निळी. हाच रंग दुधात घालून दूध कोमट ठेवलं, की त्यातले जंतू तो रंग उडवतात. लवकर उडाला तर दूध वाईट, टिकला तर चांगलं. दुसरा कुणी एवढं शिकून गप्प बसला असता. सबनीस परीक्षानळ्या आणि कोमट पाण्याचा थर्मास घेऊन रोज सकाळी कारखान्याच्या कॉलनीभर हिंडायचे. त्यांनी "उडाला!" म्हटलं, की बायका पातेलं मोरीत ओतायच्या.

रहाटणीचा गेणू गवळी पार वैतागला. "सायेब, म्हस माजी, रंग तुमचा. रंगातच खोट आसंल तर?"

"रंगाला बढती नको असते, गेणू. तो खोटं कशाला बोलेल?"

मग एकदा मोठ्या साहेबांकडे मुंबईचे पाहुणे आले. चहा ओतला जात असतानाच सबनीस नळी उंचावत बंगल्यात शिरले. "साहेब, उडाला!" पाहुण्यांनी कप खाली ठेवले. दूध साहेबांच्या घरच्या गायीचं होतं.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं : कॉलनीत दूध तपासणं बंद. कारण, कारखान्याच्या रंगाचा अपव्यय. गायीचा उल्लेख नव्हता. गेणूनं पेढे वाटले. ते कुणी तपासले नाहीत.

पुढच्या रविवारी सबनीस आमच्या दारात उभे. बायको गेल्यापासून त्यांचं एकट्याचं बिऱ्हाड.

"वहिनी, वाटीभर दूध द्याल? रंग माझा आहे, विकत आणलाय."

"अहो, पण ते तापवलंय," ही म्हणाली.

तापवलेल्या दुधातले जंतू मेलेले असतात, त्यावर ही परीक्षा फुकट, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"चालेल. फक्त रंग उडायला वेळ लागेल. बसावं लागेल."

नळी थर्मासात ठेवून त्यांनी कोट खुंटीला लावला आणि हिच्यासमोर बसून पावट्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. त्यांच्या मंडळी पावट्याच्या आमटीत खोबरं किती घालायच्या, ते सांगत राहिले. थर्मासकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. दुपार झाली. ही आणखी एक पान मांडू लागली.

मी म्हणालो, "सबनीस, संध्याकाळपर्यंत काही हा रंग उडत नाही."

"नाही ना?" म्हणत त्यांनी पाट पुढे ओढला.