अहवालाला घंटेची साथ

यंदाचा अहवाल ऐकून लातूरचे क्लासवाले आपल्याकडं नोकरी मागायला येतील, असं हणमंतराव मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी शिक्षकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. माणूस भला, पण बोलायला लागला की जिभेला ब्रेक नसायचा.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. माळेवाडीची पाचवी ते आठवीची शाळा अजून पत्र्याच्या शेडमध्येच भरायची. उन्हाळ्यात भाजायची, पावसाळ्यात सरांचा आवाज गिळायची, तरी त्या शाळेची आठवण निघाली की जुन्या पोरांचा जीव आजही हळवा होतो. इकडं लातूरला क्लासचं पीक असं तरारून आलं होतं, की उदगीरकडच्या गावांत जरा हुशार पोर दिसलं की आईबाप त्याची ट्रंक भरायला घ्यायचे. आता शेषेराव आपल्या नातीचा, वर्षाराणीचा दाखला काढणार होते. गावात त्यांचा शब्द मोठा. त्यांनी नात काढली की त्यांच्यामागून निम्मं गाव पोरं काढणार, आठवीची तुकडी तुटणार आणि आठवीच्या वर्गशिक्षिका तारामतीबाईंची बदली संस्थेच्या देगलूरच्या शाळेत होणार, हे उघड होतं.

शेषेराव दाखला न्यायला संमेलनालाच येणार होते. तेवढ्यात अहवालानं त्यांचं मन फिरवायचं, असा सरांचा बेत होता. म्हणून त्यांनी युक्ती काढली. एकेक यश वाचलं की बाहेर लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर शिपाई फारूकचाचांनी एक टोला द्यायचा. गावभर कळलं पाहिजे.

चाचांनी डोकं खाजवत विचारलं, "सर, घंटा लई वाजली तर?"

"यश लई असलं तर वाजणारच," सर म्हणाले आणि विषय संपला.

सुरुवात झकास झाली. शिष्यवृत्तीला पोरगं बसलं, टण्. खो-खोचा संघ तालुक्याला गेला, टण्. तो पहिल्याच सामन्यात हरून आला, हे अहवालात नव्हतं. शेषेराव पुढच्या खुर्चीत मिशीला पीळ देत ऐकत होते. एवढ्यात पाहुणे म्हणून आलेल्या पंचायत समितीच्या साहेबांनी घड्याळ दाखवलं. त्यांना उदगीरला दुसरा सत्कार होता. हणमंतरावांनी अहवालाची गाडी सुसाट सोडली. सकाळची मोफत अभ्यासिका, कच्च्या पोरांना जादा तास, गरजूंना गणवेश, वक्तृत्व, रांगोळी, वृक्षारोपण. बाहेर चाचाही इमानी माणूस. कर्ण्यावर ऐकून त्यांनीही हात सोडला. टोल्याला टोला लागला.

आणि भूकंपापासून त्या शाळेत सलग घंटा म्हणजे एकच गोष्ट होती. सगळ्यांनी मैदानात.

पळू नये, ढकलू नये, हा नियम हणमंतरावांनी स्वतः भिंतीवर रंगवला होता. ते अहवालासकट खिडकीतून सगळ्यात आधी बाहेर पडले. साहेब हारासकट टेबलाखाली शिरले. गावातली माणसं भाकरी तव्यावर टाकून घराबाहेर आली.

पोरं मात्र पळाली नाहीत. तारामतीबाईंनी अशा वेळेसाठी एकेका मोठ्या पोराला एकेक लहान पोर जोडून दिलं होतं. पोरांनी आपापल्या जोडीदाराचे हात धरले आणि ती रांगेनं बाहेर आली. वर्षाराणीनंही पाचवीतली आपली जोडीदारीण लिंबाखाली बसवली. हीच वर्षाराणी भूकंपानंतर वर्षभर शेडमध्ये पाऊल टाकत नव्हती, आणि बाई तिच्यासोबत उंबऱ्यावर बसून तिला गणितं शिकवत होत्या. आता ती सरळ आत परत गेली. आत शेषेराव खुर्चीतच थिजले होते. भूकंपात घर बसल्यापासून पत्रा वाजला तरी त्यांच्या पायातलं बळ जायचं, पण एवढ्या मोठ्या माणसानं ते सांगावं कुणाला?

"आबा, हात द्या," ती म्हणाली. "पळायचं न्हाई, ढकलायचं न्हाई."

ती त्यांना हळूहळू बाहेर घेऊन आली. बाईंनी विचारलं, तू परत आत का गेलीस?

"आबाला जोडी नव्हती ना," वर्षाराणी म्हणाली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

चाचांची घंटा थांबली, घोटाळा कळला, साहेब गुडघे झटकत बाहेर आले. उरलेलं संमेलन लिंबाखालीच बसलं. शेषेराव पाण्याचा तांब्या रिकामा करून उठले.

"सर, लातूरचा क्लास मी बघून आलो. शिकवतेत चांगलं. पण तिसऱ्या मजल्यावर हाय, अन् जिना एका माणसापुरता. पोरगी हितंच शिकंल."

तुकडी वाचली. हणमंतरावांनी एवढी यशं वाचली आणि कामाला आली ती बाईंनी लावलेली जोडी, जिचा अहवालात उल्लेखच नव्हता. तरी त्यांनी घसा खाकरून शेवटचा परिच्छेद वाचायला घेतला. त्यासाठीच तर साहेबांना बोलावलं होतं. शाळेला पक्की, दुमजली इमारत मिळावी, अशी ती मागणी होती.

"सर," शेषेराव नातीचा हात न सोडता म्हणाले, "तेवढं सोडून वाचा."

हणमंतरावांनी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली आणि संमेलन संपल्याचा टोला द्यायला चाचांना खूण केली. एकच, असं दोनदा बजावून.