दादारावकाकांचं नाग-धामण

आमच्या दादारावकाकांना कोणी भेटलं, की ते तब्येत-पाणी विचारत नाहीत. थेट विचारतात, "नाग अन् धामण एका पेटीत ठेवले, तं पिल्लू होईन काय?" ढाणकीच्या एसटी स्टँडवर विचारतात, पिठाच्या गिरणीत विचारतात, आणि एकदा तर मयतीला गेले तिथेही विचारलं. मी शाळेत मराठी शिकवते. सापातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यात मी 'शिकेल बाई', त्यामुळे उत्तर माझ्याकडेच मागायचं असं त्यांनी ठरवून टाकलंय.

काका जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले. गाईंना जर्सी वळूच्या बीजाचं इंजेक्शन भरण्यात त्यांची हयात गेली. महागावपासून इथपर्यंत कुठल्याही गोठ्यात सपाट पाठीची भुरी गाय दिसली, की "हे आपलीच" म्हणत तिच्या पाठीवर थाप मारतात. काकू गेल्या. मुलगा पुण्यात. तो दर रविवारी फोन करून म्हणतो, बाबा, आता इकडेच या, पोरगी सारखी विचारते. काकांचा जीव त्या नातीत अडकलेला. तिचा फोटो कुणालाही धरून दाखवतात. पण जायचं नाव काढत नाहीत. पुण्याचं पाणी बाधतं म्हणतात. पुण्याला ते आजवर एकदाही गेलेले नाहीत!

अंगणात एक बैल आहे, बाळ्या. तोही जर्सीचाच. वशिंड नाही, त्यामुळे मानेवर जू टिकत नाही. काम शून्य आणि खाणं दोघांचं. पहाटे हंबरून मला उठवतो. मी कितीदा म्हटलं, काका, देऊन टाका कुणाला तरी. ते 'पाहू' म्हणून विषय सापांवर नेतात.

तर साप. परदेशात लोक दोन वेगळ्या जातींचे अजगर काचेच्या पेटीत ठेवून तिसऱ्याच नक्षीचं पिल्लू काढतात, असं काकांनी मोबाईलवर पाहिलं. झालं! आमच्याकडे धामण ही नागाची बायको, असं लहानथोर मानतात. जन्म जनावरांत काढूनही काका तेच मानतात. म्हणजे त्यांच्या लेखी लग्न आधीच लागलेलं, फक्त पेटीची सोय बाकी. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी समजावलं, की धामणीत नरही असतो, आणि नाग-धामण म्हणजे गाय-म्हैस, ते नाही जमायचं. काका म्हणाले, गाय-म्हैस जमवाले मले सायबानं कधी सांगितलंच नाई.

बरं, माणूस एका बाजूला राहील तर शपथ. सकाळी भिंतीवरून डोकावून म्हणायचे, "जमते म्याडम, बराबर जमते." संध्याकाळी तोंड पाडून, "पाप हाय म्याडम, करू नाई." मी हो म्हटलं की 'काहून?' विचारायचे, नाही म्हटलं तरी 'काहून?' हा माणूस साप पाळायला निघालाय की पाळणाऱ्यांवर मोर्चा काढायला, तेच मला कळेना. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

मग एका रविवारी दुपारी त्यांच्या गोठ्यामागे दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिले. असं दिसलं की आमच्याकडे वरून नवं कापड टाकतात. ते घरात जपून ठेवलं की बरकत येते म्हणे. बायका ब्लाउजपीस आणायला पळाल्या. काका काकूंची कोरी साडी आणि सरकीच्या ढेपेचा रिकामा ड्रम घेऊन पळाले. साडी टाकली, साडीसकट दोन्ही साप ड्रममध्ये लोटले आणि वर झाकण दाबलं. मी गयावया केली. म्हटलं, अहो, साप कोंडणं गुन्हा आहे, माझी लेकरं इथे खेळतात. ते म्हणाले, एक नाग हाय, एक धामण, आता काय ते कळन.

मी सर्पमित्राला फोन लावला. तो येईपर्यंत काका ड्रमजवळ बसून होते. आधी खुशीत होते. मग म्हणाले, "पिल्लाले फना आला अन् इख नसन, तं लोक नाग समजून ठेचतीन. इख आलं अन् फना नसन, तं लेकरं धामण समजून हाती धरतीन. त्याचा काय गुन्हा? मले असं करा, म्हणून त्यानं सांगितलं व्हतं काय?"

मी म्हटलं, मग सोडून द्या ना. तर म्हणाले, पाहाचं व्हतं. आता पुन्हा माझा गोंधळ.

सर्पमित्राने झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. दोन्ही धामणी, दोन्ही नर, आणि हे प्रेम नव्हे, कुस्ती चालली होती. ब्लाउजपीस घेऊन आलेल्या बायकाही हसल्या. सुटले एकदाची म्हणून मी तर सगळ्यांत जास्त हसले. तो साप घेऊन नाल्याकडे सोडायला गेला. काका मात्र हसले नाहीत. बाळ्याजवळ जाऊन बसले.

मी जवळ गेले तेव्हा आपणहून सांगू लागले. कालवड झाली की घरोघर त्यांना पेढे मिळायचे. गोऱ्हा झाला, की त्या घरातून कोणी बोलवायचंच नाही. बिनवशिंडाचा गोऱ्हा कुणाला हवा? मोठा झाला की द्यायचा रस्त्यावर सोडून. बाळ्या त्यांना उमरखेडच्या रस्त्यावर प्लास्टिक चघळताना दिसला. कोणाचा म्हणून विचारलं, तर कोणाचाच नाही म्हणाले. "मले मालूम व्हतं कोनाचा हाय ते," काका म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, तुम्ही नातीकडे जाऊन या, बाळ्याला मी सांभाळते. अगदी मनापासून म्हटलं.

"तुमी चांगल्या हा म्याडम. पन उद्या तुमी कटाळल्या, तं तुमचा काय दोष? त्याले तुमी नाई आनलं. म्या आनलं."

तेवढ्यात पुण्याहून फोन आला. काकांनी तो माझ्या हातात दिला आणि मान हलवून 'घरी नाही म्हणा' असं खुणावलं. स्पीकरवर नात बोलत होती. मी म्हटलं, आबा बाहेर गेलेत गं.

"मग आले की सांगाल? त्यांचा पलंग मी माझ्या खोलीत लावून घेतलाय."

सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. काका उठले आणि बाळ्यापुढे कुटार टाकू लागले.