गुलाबकाकांची कटती

बोरी अरबचे आमचे गुलाबकाका आशीर्वाद द्यायच्या आधी हिशेब देतात. माझ्या लग्नात आहेराचं पाकीट हाती ठेवून ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "एकशे एक होते. पाकिटाचे पाच कापले. शहाण्णव हायेत, मोजून घे!"

शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, लोक पैजेचे पैसे काकांपाशी ठेवत. जिंकेल त्याला ते देत. पण नोटेला हात लावण्याआधी स्टुलावर चढून आपल्या कटतीची गर्जना व्हायची: "शंभर जितला तं दहा माह्ये! मंग म्हनू नका, सांगतलं नाही म्हून!"

"दहा कायले, काका?"

"उन्हात उभा राह्यतो त्याचे. तू राह्य, तुले देतो!"

की झालं भांडण सुरू! काकू गेलेल्या, मुलगी लग्न होऊन दूर. वर्षातून या एका दिवशी गाव काकांना घेरून भांडायचं आणि काका नवरदेवासारखे खुलायचे.

मग समोरच्या बाभळीखाली गावातलाच प्रल्हाद पैजेचे पैसे ठेवून घ्यायला उभा राहू लागला. "माह्यापाशी कटती नाही, भाऊ!" जिंकणाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा, चहा पाजायचा आणि चहापाणी, मंडप, सुटे असं पुटपुटत वीस रुपये गिळायचा. लोक हसत देत. काकांचे सांगून घेतलेले दहा मात्र टोचत. हळूहळू सगळी गर्दी बाभळीखाली गेली.

"थोडं खोटं बोलत जा ना, काका," मी म्हटलं.

"मंग माह्यात अन् प्रल्हाद्यात फरक काय? स्टूल?"

यंदा यवतमाळहून गेलो, तर स्टुलापाशी एक कुत्रं तेवढं झोपलेलं. मी पांढऱ्या जोडीवर शंभर लावले. समोरून पैज घ्यायला कोणीच नाही. तेव्हा काकांनी स्वतःचे शंभर काढून लाल जोडीवर लावले आणि अशी आरोळी ठोकली, की कुत्रं पळालं. लाल जोडी अर्ध्यातूनच हरभऱ्यात शिरली.

काकांनी मला एकशे नव्वद मोजून दिले. उरलेले दहा, स्वतःचेच, डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकले.

"कटती म्हंजे कटती."

मी खो खो हसलो. ते हसले नाहीत. स्टूल उचलून निघाले, चार पावलांवर थांबले.

"पुढच्या साली येजो बरं, बापू. पैज नाही लावली तरी चालन. नुसता बसाले ये." मग स्टूल दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "त्याची काई कटती नाही."