साळवे सरांचं सरकार

आमच्या शेजारच्या साळवे सरांच्या दारात कोणी "भाकर वाढा, माय" म्हणत उभं राहिलं, तर सर भाकर वाढत नाहीत. खुर्ची देतात, पाणी देतात आणि विचारतात, "रेशन कार्ड कोणत्या रंगाचं आहे?"

मुलांनो, एका बुवांना त्यांनी असंच तासभर बसवून ठेवलं होतं. रहिवासी दाखला आहे का, वयाचा आहे का, बँकेचं पासबुक कुठंय? शेवटी बुवांनी हात जोडले. "मास्तर, संसार सोडताना एवढा त्रास झाला नव्हता," म्हणाले आणि निघाले. सर कोरा अर्ज घेऊन फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेले.

सर आणि मी अंबडच्या एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायची, ते नागरिकशास्त्र. निवृत्त झाल्यावर मी थांबले, ते थांबले नाहीत. ओसरीवर टेबल मांडून निराधार पेन्शन, घरकुल, शिष्यवृत्ती, लागेल तो अर्ज फुकट भरून देतात. मी एकदा म्हटलं, "सर, हेही दानच झालं की!"

"दान न्हाई बाई. पाठपुरावा!"

मी दर गुरुवारी बरोबर साडेअकराला दहा डबे भरून बसस्टँडवर वाटते, हे तुम्हाला ठाऊक आहे. सरांना ते बिलकुल पसंत नाही.

"तुम्ही गावाला गेल्या की त्या लोकांनी गुरुवारी उपास धरायचा का? पोट भरणं हा हक्क आहे, बाई. तुमची मर्जी न्हाई."

"आणि तुमचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्यांनी काय खायचं? पोचपावती?"

"पोचपावती जपून ठेवायची," सर गंभीरपणे म्हणाले.

मग गयाबाईचं प्रकरण झालं. ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहते, एकटीच. सारी उमर अंकुशनगरकडच्या फडांत ऊस तोडण्यात गेली. मागच्या उन्हाळ्यात रेशन दुकानातल्या मशीननं तिचा अंगठा घेतला नाही. कोयता धरून धरून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. अंगठा नाही तर धान्य नाही.

मी लगेच पिशवीभर गहू घेऊन गेले. तिने पिशवीला हातही लावला नाही.

"बाई, माझं नाव यादीत हाये. मंग मी तुमचं कामून घेऊ? गुर्जी म्हणतेत, आपला हक्क हाये."

चूल थंड होती आणि बाई नागरिकशास्त्र सांगत होती! मी पिशवी उचलून थेट सरांच्या ओसरीवर आपटली. "घ्या. तुमची विद्यार्थिनी पहिल्या नंबरानं पास झाली. आता उपाशी मरेल."

सर लगेच उठले. तिला घेऊन तहसीलला गेले. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद. तिसऱ्यांदा कोणी सुचवलं, अंगठ्याला खोबरेल लावून आणा. अंगठा चकचकीत झाला, मशीन ढिम्म. सर कडाडले, "जिता माणूस समोर उभाय अन् मशीन न्हाई म्हणून राह्यली!"

"ऱ्हाऊ द्या गुर्जी," गयाबाई म्हणाली. "मी तरी तिला कुठं वळखते?"

आणि एके दिवशी ती हसतच माझ्याकडे आली. "बाई, सरकारनं गहू धाडला! गुर्जींच्या अर्जानं. दुकानात बी जायाचं काम न्हाई, गुर्जीच आणून देतेत. अन् काय गहू! एक खडा न्हाई."

सरकारी गव्हात खडा नाही म्हटल्यावर मला शंका आली. दुपारी मी परसातल्या भिंतीवरून डोकावले. सर लिंबाखाली सूप घेऊन गहू निवडत बसले होते. सरांच्या पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांना खानावळीतून डबा येतो.

"सर, हे दान झालं."

"हळू बोला, बाई. सरकारला जरा उशीर होऊन राह्यला. तोवर मी सरकार." मग सुपातला एक खडा काढत म्हणाले, "आमची आई लोकांच्या दारचं आणायची. आम्हाला ते गोड लागायचं. तिला मात्र खाताना मान वर करता येत नव्हती."

मी भिंतीवरून खाली उतरले. त्या दिवशी वाद घातला नाही.

पाठपुराव्याला अखेर यश आलं. अंगठ्याऐवजी डोळे तपासणाऱ्या नव्या मशीननं गयाबाईला ओळखलं आणि दुकानातून धान्य सुरू झालं. आठ दिवसांत ती ओसरीवर तणतणत हजर. मीही तिथेच होते.

"गुर्जी, तक्रार लिवा! हा गहू खड्याचा हाये. पहिला चांगला होता. सरकार बिघडलं."

सर मान खाली घालून लिहू लागले.

"अन् पुढं लिवा, पहिला गहू निवडणारा जो कोणी माणूस हाये, त्याला इचारा, जेवतो का बराबर? इतकं बारीक निवडत बसणारा माणूस घरात एकलाच असंल."

सरांचं पेन थांबलं. "जेवतो," ते म्हणाले. मग घाईने, "म्हणजे, जेवत असेल."

"असंल न्हाई. उद्या दुपारी माझ्याकडं धाडा त्याला. पोळ्या करते. खडे मी निवडते." हे म्हणताना ती सरांकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर इस्त्रीचा सदरा घालून गल्लीच्या टोकाकडे निघाले.

"कुठे निघालात, सर?" मी फाटकातून विचारलं.

"सरकारी काम आहे," ते म्हणाले आणि मागे न बघता भराभर चालू लागले.