पहिल्याच भावाला हो

शेषराव आबा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, तोंडात बघत. नवीन जालन्यात कॉलेजसाठी खोली घेतली त्या दिवशी मी ट्रंक उतरवतो न उतरवतो तोच शेजारच्या ओट्यावरून हाक आली, "ए पोरा, हस बरं जरा."

मी बावळटासारखा हसलो.

"जुळलेला हायेस. पण उजवीकडं खालती कीड लागून राह्यली. सांभाळ, भाव पडंल."

आबा बैलबाजारातले दलाल. उभी हयात बैलांचे दात बघण्यात गेली होती. दोनदाती, चारदाती, सहादाती. सगळे दात आले की बैल जुळला, झिजले की म्हातारा. हीच मोजपट्टी ते माणसांना लावत. आमचा खोलीमालक त्यांच्या लेखी 'झिजेल' होता. बँकेतल्या एका साहेबांचे पांढरेशुभ्र दात बघून ते म्हणाले होते, "मालात खोट हाये." साहेबांची कवळी निघाली.

दुसरा नाद रुमालाचा. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घेतात आणि बोटं दाबून आकडा ठरवतात. भोवतालच्यांना काही कळत नाही. आबांनी हा रिवाज न्हाव्यापासून सगळ्यांना लावला होता. एकदा मेथीच्या जुडीसाठी त्यांनी भाजीवालीपुढे रुमाल पसरला, तर तिनं "हात कशाला धरतो रं म्हाताऱ्या?" म्हणून सगळी गल्ली गोळा केली. तरी आबांनी भाव मोठ्यानं सांगितला नाही तो नाहीच. "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हायलं पाह्यजे. बाहेर बोलला तो दलाल कसला?" आणि पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस म्हणजे दात न आलेलं वासरू.

बायको मागंच वारली होती, लेकरू नव्हतं. दोन्ही वेळा ते आम्हा पोरांच्या मेसमध्ये पंगतीला बसायचे आणि कोण कोणत्या बाजूनं चावतो यावर लक्ष ठेवायचे.

दुसऱ्या वर्षी त्यांनी सांगितलेली ती दाढ ठणकू लागली. लवंग झाली, तुरटी झाली. मग गाल सुजून डोळा मिटत आला, ताप भरला. वडिलांनी त्याच साली मोसंबीची बाग लावली होती, घरात रोकड नव्हती. मी गोधडी ओढून पडून राहिलो. आबांनी दार ढकललं, गालाला हात लावला आणि मला उठवून स्टेशन रोडवरच्या दाताच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर नुकतेच शिकून आलेले होते. म्हणाले, "आत पू झालाय, आजच मोकळा करावा लागेल. दाढ काढायची तर थोडक्यात भागेल. वाचवायची तर रूट कॅनॉल, वर टोपी." त्यांनी सांगितलेल्या खर्चात माझं मेसचं अख्खं वर्ष निघालं असतं.

"काढून टाका," मी म्हणालो.

"काढून टाका?" आबा कडाडले. "डॉक्टर सायब, आत्ता कुठं जुळलेलं जनावर हाये! हात आना इकडं."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल पसरला. डॉक्टरांना काही कळेना.

"याच्यासमोर भाव बोलायचा न्हाई," आबा म्हणाले आणि मला दरडावलं, "तिकडं तोंड कर."

मी भिंतीवरचं जबड्याचं चित्र बघत उभा राहिलो. मागं रुमाल सळसळला. मग डॉक्टर हलक्या आवाजात "बरं" म्हणाले.

"काढायच्या पैशात वाचवायचं ठरलं," आबा म्हणाले. "बस जल्दी."

दाढ वाचली. हे इथंच संपलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

पुढं काही महिने मी आबांना अधूनमधून त्या दवाखान्यात शिरताना आणि रुमाल झटकत बाहेर पडताना बघितलं. मी हिशेब लावला. आधी भाव फुगवायचा, मग पाडायचा, गिऱ्हाईक आणल्याचा वाटा आबांना. एका संध्याकाळी मेसमध्ये मी म्हणालो, "आबांनी माझ्या दाढेचीसुद्धा दलाली खाल्ली." पोरं खदखदून हसली. मग ते रोजचंच झालं. आबा ताटावर बसले की कुणीतरी ओरडायचं, "आबा, दाढेचा काय भाव चालू हाये?"

हे कुठून निघालं ते त्यांना कळलं होतं. एकदा माझ्याकडं बघत राहिले. मी घास तसाच धरून बसलो. मग त्यांनीच विचारलं, "उजवीकडून चावून राह्यला ना आता?"

"हो."

"मंग झालं."

पुढं ते मेसमध्ये यायचे बंद झाले. डबा खोलीवर मागवून एकटेच जेवायचे. मी बोलावायला गेलो नाही. शिक्षण संपलं, नोकरीला लागलो, आणि जालन्याला आलो तरी त्या गल्लीत जाणं टाळू लागलो.

गेल्या वर्षी मुलीची दाढ दुखली म्हणून त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांचेही केस आता पांढरे झालेत. ओळख दिल्यावर हसले. "तुमचे ते रुमालवाले आबा कसे आहेत?"

"डॉक्टर, त्या दिवशी किती पाडला हो भाव त्यांनी?"

"भाव? त्यांनी बोटं दाबलीच नाहीत. खिशातलं होतं नव्हतं ते माझ्या मुठीत दिलं आणि हात धरून ठेवला. सोडेचनात. बाकीचे नंतर थोडे थोडे आणून दिले. मी कमी करतो म्हणालो तर म्हणाले, 'न्हाई, तुमचा पहिला भाव बराबर हाये. पोराला कळू देऊ नका, तापातच उठून जाईल.'"

मुलीला घरी सोडलं आणि तसाच निघालो. आबा राजूरजवळ पुतण्याकडे असतात. ओट्यावर बसले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तोंडात दात उरला नव्हता. मी नाव सांगितलं, ओळख पटेना.

"तोंड उघड," ते म्हणाले.

त्यांनी उजवीकडं बोट घालून चाचपलं. टोपीवर बोट थांबलं.

"नवीन जालना," आबा म्हणाले. "चांगली टिकली रे."

"आबा, तेव्हा मेसमध्ये मी तुमच्याबद्दल..."

अंगणात पुतण्या होता, त्याची पोरं होती. आबांनी मला पुढं बोलू दिलं नाही. खांद्यावरचा रुमाल काढला, माझ्या हातावर पसरला आणि खालून हात धरला.

"जे असंल ते हितं सांग."

मला त्या बोटांच्या भाषेतलं काहीच येत नव्हतं. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो. त्यांनीही तो बराच वेळ सोडला नाही.