साळुंकी घोडीने तुरा मिरविला त्याची हकीकत

कुलस्वामिनीस दंडवत, आणि जिच्या टापांनी मुलूख गाजला तिजलाही दंडवत. शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी एका मुलखी जे घडले ते आठवणीत आहे तैसे लिहिले असे.

त्या मुलखी एक तरुण महाराज राज्य करीत होते, आणि त्यांचे मातोश्री आऊसाहेब यांणी साळुंकी नावे कुमैत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाची घोडी, शिंगरू असता तिची आई मेली म्हणोन, गाईचे दुधावर वाढविली होती. मग घोडी ऐसी निघाली की जत्रेचे शर्यतीत इतर घोड्यांनी तिची शेपटीच पाहावी. मग कीर्ती इंग्रजांचे छावणीत गेली, आणि तेथील साहेब आपला अरबी घोडा सुलतान घेऊन आला व बोलिला, "तीन फेऱ्या धावू. दोन जिंकील त्याने दुसऱ्याचे जनावर न्यावे." महाराज भर दरबारी हो म्हणोन बसले, आणि आऊसाहेबांनी जेवणाचे ताट परत धाडिले.

त्या मुलखी चाल ऐसी की दसऱ्याचे स्वारीत ज्या घोड्याचे कपाळी गादीचा जरीतुरा, त्याचे पुढे दुसऱ्या घोड्याने नाक काढू नये, आणि पागेत शिंगरास पहिली शिकवण हीच. शर्यतीचे दिवशी कारभारी अंताजीपंत यांणी, पाहुणचारात उणे नको म्हणोन, तोच तुरा आपले हाते सुलतानास बांधिला. मग पहिली फेरी सुटली, आणि साळुंकी वाऱ्यासारखी आली, आणि सुलतानाचे खांद्याशी पोहोचली, आणि तेथेच राहिली. साहेब जिंकला.

घोडीवरचा स्वार सुभानजी रडकुंडीस येऊन आऊसाहेबांचे चिकाचे पडद्यापुढे उभा राहिला. "आऊसाहेब, चाबूक लावू का? त्याच्या खांद्याशी आली की आपणच लगाम ओढल्यागत थांबते!"

"चाबूक लावशील तर हात तोडीन," आऊसाहेब आतून बोलिल्या, आणि मग एकाएकी हसू लागल्या. "अरे, दमली कुठे? अदब राखते ती! पंत, तुरा कोणास बांधलात?"

पंतांचा चेहरा उतरला. "उतरवू काय?"

महाराज म्हणाले, "पाहुण्यास ताटावरून उठवावयाचे? ते होणे नाही."

"मग तुमच्या पागोट्याचा सोडा. तोही तसाच आहे. गेल्या दसऱ्यास साळुंकीस तुरा बांधिला होता, तेव्हा कोणाला आवरली होती?"

"आऊसाहेब, गादीची शोभा ती!" पंत कळवळले. "साहेब हसेल."

"हसू दे. घोडी गेल्यावर तुरा काय उशाशी घेऊन निजावयाचे?"

मग महाराज बैठकीवरून उतरले, आणि सर्वांदेखत पागोट्याचा तुरा सोडोन घोडीचे कपाळी बांधिला, आणि साहेबाचे लोक हसले, आणि साळुंकीने मान उंचावली. मग दुसरी फेरी सुटली, आणि सुलतान पुष्कळ मागे राहिला, आणि हसणारे टाचा उंचावून पाहू लागले. मग तिसरी सुटली, आणि सुलतान जातिवंत, तो शेवटल्या वळणावर बरोबरीस आला, आणि चिकाआड बायकांनी एकमेकींचे हात घट्ट धरिले, आणि सुभानजीने लगाम ढिला सोडोन घोडीचे कानी काही म्हटले, आणि साळुंकी निशाणापार एक मान पुढे गेली. मग नगारे झडले, आणि हत्तीवरून साखर वाटिली, आणि साहेबाने टोपी काढोन घोडीस सलाम केला. सुलतान पागेत आला, तोही पुढे लाडका झाला.

त्यानंतर साळुंकी पुष्कळ वर्षे धावली, आणि मुंबईपावेतो गाजली, आणि तिचे नाव ऐकोन लोक आपले घोडे माघारी नेऊ लागले. म्हातारपणी ती आऊसाहेबांचे अंगणात मोकळी हिंडत असे, आणि तुळशीची पाने खाल्ली तरी कोणी बोलत नसे.

तात्पर्य, पुढे साहेबलोकांनी त्या मुलखाजवळ पुष्कळ मागितले, आणि पुष्कळ द्यावेही लागले. घोडी दिली नाही. इतके लिहून ठेविले असे.