सुभेदारांचं स्थळ

पंचनदराव गाय आल्याशिवाय रस्ता ओलांडत नसत.

चेन्नईतल्या अड्यारमधल्या आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता तसा होताच भयंकर. बस, लॉऱ्या, रिक्षा, सगळं सुसाट. हातात पिशवी घेऊन पंचनदराव फाटकाशी उभे राहत आणि गाईची वाट पाहत. "लॉरीवाला माणसास मारील, गाईस मारणार नाहीं," हा त्यांचा सिद्धांत. गाय रस्त्यात उतरली की तिच्या पोटाआडून हे पलीकडे. एकदा गाईला भर रस्त्यात एक सिनेमाचं पोस्टर खायची लहर आली. दोन्हीकडून हॉर्न वाजत होते आणि पंचनदराव लग्नात फोटोसाठी उभं राहावं तसे तिच्या शेजारी उभे. तिचं खाऊन झाल्यावरच दोघं निघाले.

ते तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेले. मी कोल्हापूरचा, शहराबाहेर ओरगडमच्या एका कारखान्यात नोकरीला आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं. पहिल्याच दिवशी जिन्यात त्यांनी मला गाठलं. "आपण मराठी कीं? बरें झालें. तंबी, एक भय सांगूं कीं?"

'तंबी' म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ; बाकी इतकं जुनं मराठी मी फक्त शाळेत, बखरीच्या धड्यात वाचलं होतं. मला वाटलं आता काहीतरी ऐतिहासिक ऐकायला मिळणार. भय निघालं माझ्या गिझरचं.

"एक भय सांगूं कीं?" हे त्यांचं रोजचं वाक्य. पंखा गरगरतो, पडेल. नारळाच्या झाडाखाली स्कूटर लावतां, नारळ पडेल. मासा खातां, कांटा अडकेल. त्यांचाही इलाज नव्हता. सारी नोकरी एका विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात गेली होती, त्यामुळे माणूस कशाकशानं मरू शकतो हे त्यांना तोंडपाठ होतं. बायको कमलाबाई गेल्यापासून घरात एकटेच. मग ही सगळी भयं ऐकायची पाळी माझ्यावर आली, आणि मी ती हसण्यावारी न्यायचो.

अशा माणसाच्या हातात एके दिवशी दोरी दिसली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा. समोरच्या बिल्डिंगमधले भाडेकरू अमेरिकेला निघून गेले होते आणि तो केसाळ विलायती कुत्रा गच्चीवर बांधलेलाच राहिला होता. चेन्नईच्या उन्हात, ना सावली ना धड पाणी. त्याचं रडणं सगळ्या गल्लीनं ऐकलं. वर गेले एकटे पंचनदराव, ज्यांना कुत्र्याचं भय, गच्चीचं भय आणि परक्या जिन्याचंही भय.

"तुम्ही कसे गेलात काका?" मी विचारलं.

"मज कुत्र्याचें भय आहे, तंबी. पण तें मरेल म्हणून एक भय आलें. तें मोठें होतें."

कुत्र्याचं नाव त्यांनी सुभेदार ठेवलं आणि त्याच्याशी बोलत ते अहो-जाहो करून. "बसा. दात दाखवूं नका. भात उष्ण आहे, थांबा." चावणाऱ्याला अरे-तुरे कोण करणार? जनावरांचे डॉक्टर म्हणाले, ही मेंढरं राखणारी जात, याला काम लागतं. पंचनदरावांनी ते ऐकून हात जोडले. त्यांच्याकडे मेंढरं नव्हती.

सुभेदारांनी आपलं काम आपणच शोधलं. संध्याकाळी खाली मुलं खेळू लागली की ते त्यांच्याभोवती गोल पळत आणि सगळ्यांना कडुनिंबाखाली गोळा करत. मुलं झाली की वॉचमन, वॉचमन झाला की भाजीवाली. सगळे एका जागी जमले की समोर बसून जीभ बाहेर काढून पाहत राहत. आणि सकाळी पंचनदरावांना गुडघ्यामागे नाकानं ढोसत, गाड्या थांबल्या की रस्त्यापार नेत. गाईची गरजच उरली नाही. आम्हा सगळ्यांना मोठी गंमत वाटायची.

एके दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा नातू कडुनिंबाखाली यायला तयार होईना. सुभेदारांनी त्याची टाच दातात धरली. रक्त आलं नाही, पण दातांच्या खुणा उमटल्या. सेक्रेटरींनी जिन्यातच सुनावलं, "रविवारपर्यंत कुत्रा गेला नाही तर माणसं बोलावून हायवेवर सोडून येईन."

तेव्हापासून पंचनदरावांची बाकीची सगळी भयं बंद पडली. माझा गिझर दिवसभर चालू राहिला तरी ते काही बोलले नाहीत. एकच भय उरलं होतं. "एकदां टाकलेलें जनावर. पुनः टाकलें तर तें कोणावर विश्वास ठेवील?" असं ते पुन्हापुन्हा म्हणत. खरं सांगतो, मलाही भीती वाटू लागली होती.

मग सुरू झाली स्थळं पाहण्याची मोहीम. पांढरा इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, हातात स्टीलच्या ताटलीत केळी आणि विड्याची पानं. मुलीचा बाप निघावा तसे ते निघत. मी सारथी. मित्राची गाडी मागून आणायची, पंचनदराव पुढे डोळे मिटून, सुभेदार मागे डोळे उघडे ठेवून.

पहिलं स्थळ सिरुसेरीकडचं. नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, माणसं लाघवी. पण घर उंच मजल्यावर आणि दोघंही दिवसभर ऑफिसात. पंचनदरावांनी गॅलरीतून जेमतेम खाली पाहिलं आणि भिंतीला पाठ लावली. "वरून यांस गाड्या मेंढरांसारख्या दिसतील. हे त्यांस वळावयास उडी मारतील." दुसरं स्थळ अड्यारमधलाच एक बंगला. हिरवळ, मोठं फाटक, मालक अगदी रुबाबदार. मला वाटलं, जमलं. पंचनदरावांनी मात्र चहाला हातही न लावता ताटली उचलली. बाहेर आल्यावर म्हणाले, "दाराशीं वेताची छडी होती. पाहिलां कीं? टोक झिजलेलें होतें."

मी पाहिली नव्हती. त्यांच्या भयाला मी त्या दिवसानंतर हसलो नाही.

शनिवार उजाडला तरी सुभेदार घरातच. शेवटी मी ओरगडमचं नाव काढलं. आमच्या कारखान्यामागे कन्नियम्मा नावाची एक बाई शेळ्या राखायची. चराऊ रान कारखान्यांखाली गेलं, म्हणून तिला रोज नवा मोठा रस्ता ओलांडून कळप पलीकडे न्यावा लागे. त्या रस्त्यावर अजस्र ट्रक. हे ऐकूनच पंचनदराव नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, आणि ते म्हणालेही. पण दुसरं स्थळ कुठलं आणायचं?

आम्ही पोचलो तेव्हा कन्नियम्मा रस्त्याच्या कडेला कळप घेऊन उभी होती. पुढे जायची तिची छाती होत नव्हती. पंचनदरावांनी ताटली पुढे केली. तिनं गोंधळून एक केळं उचललं आणि तमिळमध्ये विचारलं, "चावतो का?"

"भितो," पंचनदराव तमिळमध्येच म्हणाले. "मीही भितो."

"मग मी काय कमी भिते? गेल्या महिन्यात माझी एक गाभण शेळी इथंच गेली."

एवढ्यात एका ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. शेळ्या उधळल्या, काही थेट रस्त्याकडे. कन्नियम्मा ओरडली. मी जागचा हललो नाही. पंचनदरावांच्या हातून दोरी सुटली. ती सुटली की त्यांनी सोडली, हे मला आजही सांगता येणार नाही.

सुभेदार जमिनीला पोट लावून सुटले. रस्त्याकडच्या बाजूनं वळसा घालून त्यांनी एकेक शेळी मागे रेटली आणि कळप बाभळीखाली गोळा केला. मग सवयीनं परत आले, पंचनदरावांना गुडघ्यामागे ढोसलं आणि त्यांनाही नेऊन शेळ्यांमध्ये उभं केलं. पांढऱ्या सदऱ्यातले पंचनदराव, हातात ताटली, भोवती शेळ्या. एकीनं विड्याची पानं खायला सुरुवात केली. ते हटले नाहीत, ताटली तिला नीट खाता यावी म्हणून थोडी खाली धरली.

"यांची नोकरी हीच," ते म्हणाले. मग खाली वाकून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी सुभेदारांच्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊं नका. ही बाई आपलेसारखीच आहे."

सुभेदार कन्नियम्माकडेच राहिले. परतताना गाडीत पंचनदराव डोळे उघडे ठेवून बसले होते. अड्यार जवळ आलं तेव्हा म्हणाले, "कमला असतांना मी रस्ता कधीं पाहिलोंच नाहीं. ती कोपर धरायची, मी जायचों." मी गाडी हळू चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरलो तर पंचनदराव फाटकाशी पिशवी घेऊन उभे. गाय आली, रस्ता ओलांडून निघूनही गेली. ते तिथेच.

"काय झालं काका? गाय गेली की."

"तंबी, एक भय सांगूं कीं?"

"सांगा."

"सायंकाळीं सुभेदार साऱ्या बकऱ्या एके जागीं आणतील. मग पाहतील, कळपांत एक कमी आहे. ते मज शोधत राहतील."

समोरून बस गेली, तिच्यामागून लॉरी. मी त्यांचा कोपर धरला आणि रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत उभा राहिलो.